पक्षीनिरीक्षणाच्या ढीगभर लिंका जमल्या आहेत, पण हवी ती वेळेवर सापडत नाही. गोव्यात राहून नीट कशा लावू?

तीनच साधनं पक्की धरा आणि बाकीच्या लिंका एका गूगल शीटमध्ये टाका. मी हेच करतो. कुठे काय दिसतं ते ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, बघायचं: करमळी तळं किंवा चोडणचं सलीम अली अभयारण्य उघडलं की महिन्यांनुसार पट्ट्यांचा तक्ता मिळतो, हिवाळी बदकं कधी येतात ते त्यावरून लगेच कळतं. आवाजासाठी झेनो-कँटो, हे पक्ष्यांच्या ध्वनिमुद्रणांचं संकेतस्थळ. जागेवर ओळखायला मर्लिन हे मोबाइल ॲप. त्याचा आपल्या भागातल्या पक्ष्यांचा पॅक घरीच उतरवून घ्या, मोलेच्या जंगलात रेंज नसते.

शीटमध्ये रकाने चारच: पक्ष्याचं शास्त्रीय नाव, लिंक, ती का ठेवली, शेवटची कधी उघडली. तिसरा रकाना कधीच रिकामा सोडू नका. ‘अडईची शीळ, उडताना’ एवढं लिहिलं असलं तरी दोन वर्षांनी ती लिंक कामाला येते. शास्त्रीय नाव अशासाठी की मराठी, कोंकणी, इंग्रजी नावं जागोजागी बदलतात. गोव्याच्या राज्यपक्ष्याचंच बघा, हा पिवळा, काळ्या डोक्याचा, लाल गळ्याचा बुलबुल इंग्रजीत दोन नावांनी सापडतो. शास्त्रीय नावंही अधूनमधून बदलतात, तेव्हा जुनं नाव पुसू नका, शेजारी राहू द्या.

एक मात्र सांभाळा: मर्लिनने आवाजावरून सुचवलेलं नाव पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किंवा आवाज स्वतः पडताळल्याशिवाय यादीत चढवू नका, ते चुकतं.