तिची तान तिलाच पुरी करू द्या

प्रिय ताई,
मी शास्त्रीय आणि उपशास्त्रीय गाते. मुलगी १७ वर्षांची आहे, मुलगा १४ वर्षांचा. दोघंही माझ्याकडेच शिकली. गेली काही वर्षं आम्ही तिघं एकत्र कार्यक्रम करतो. मुलगी मागे तानपुऱ्यावर बसून स्वरसाथ करते. मुलगा शेवटी येऊन एक-दोन रचना गातो आणि सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडतात. मागच्या मैफलीत ख्याल गाताना मी मुलीला थोडं गायला दिलं. तिची तान भरकटतेय, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकणार असं वाटलं, म्हणून मी पटकन मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलला. श्रोत्यांच्या लक्षातही आलं नाही. घरी आल्यावर मात्र ती म्हणाली, ‘यापुढे मी तुझ्या मागे बसणार नाही.’ तेव्हापासून जेवढ्यास तेवढं बोलते. मुलगाही हल्ली रियाज टाळतो, वरच्या षड्जाला आवाज फाटतो, काही सांगायला गेलं की चिडतो. दोन महिन्यांनी मोठा कार्यक्रम आहे आणि जाहिरातीत आमची तिघांची नावं गेली आहेत. मुलीला कसं समजावू? माझं चुकलं का?
— एक गायिका आई

प्रिय मैत्रीण,

मैफल सांभाळणं ही मुख्य कलाकाराची जबाबदारी असते आणि त्या क्षणी तुम्ही ती पार पाडलीत. मागे बसलेली एखादी शिष्या असती, तर मीही म्हटलं असतं की यात विशेष काही झालं नाही. पण शिष्या मैफल संपली की आपल्या घरी जाते. तिथे तिची आई तिला विचारते, ‘कसं झालं गं?’ तुमच्या मुलीला हे विचारणारी आई आणि तिच्या तोंडचा मुखडा काढून घेणारी गुरू एकच. ज्या माणसाजवळ रडायचं, त्याच माणसाने दुखावलं होतं. म्हणून हो, आई म्हणून तुमचं चुकलं.

आणि त्या समेचं काय झालं असतं, याचाही विचार करू. सम हुकली असती. ठेका चालू राहिला असता, तबलजींनी नजरेने धीर दिला असता आणि तालाच्या पुढच्या आवर्तनात ती पुन्हा वाट शोधत आली असती. विलंबितातलं, म्हणजे संथ लयीतलं, आवर्तन लांबलचक असतं. चुकल्यानंतरचा तेवढा वेळ श्रोत्यांसमोर काढणं फार अवघड जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरीही गाणाऱ्याला कधीतरी त्यातून एकट्यानेच जावं लागतं. हुकलेल्या समेनंतर पुन्हा उभं कसं राहायचं हे घरच्या रियाजात शिकवता येत नाही, कारण घरी समोर श्रोते नसतात. तिला ते शिकायची संधी आली होती आणि तुम्ही ती प्रेमापोटी काढून घेतलीत.

तेव्हा तिला समजावू नका. आधी तिची माफी मागा, आणि त्या वाक्यात ‘पण’ येऊ देऊ नका. ‘पण मैफल बिघडली असती’, ‘पण कुणाला कळलंही नाही’ हे तिने स्वतःशी शंभरदा म्हणून पाहिलं असेल. कुणाला कळलं नाही यानेच ती जास्त दुखावली असण्याची शक्यता आहे. तिच्या हातून काहीतरी गेलं आणि सभागृहात त्याची दखल घेणारं कुणीच नव्हतं.

मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर या गायिका मायलेकींचं उदाहरण तुमच्या डोळ्यांसमोर असेलच. किशोरीताई आईच्या मैफलींत मागे तानपुऱ्यावर बसत. मोगूबाईंची शिस्त किती कडक होती, हे किशोरीताईंनीच पुढे सांगितलं आहे. मागची जागा कमीपणाची नसते. एक थोर गाणं इतक्या जवळून, श्वासासकट ऐकायला दुसरीकडे कुठे मिळणार? पण त्या जागेलाही मुदत असते. किशोरीताईंनी पुढे जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीला स्वतःचं वळण दिलं, त्यासाठी टीका सोसली, आणि आज आपण त्यांना त्यांच्या गाण्यासाठी ओळखतो. शिवाय त्या फक्त आईकडे शिकल्या नाहीत. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही त्यांनी तालीम घेतली. तुमच्या मुलीलाही आता दुसऱ्या कुणाकडे काही काळ शिकू द्या, असं मला मनापासून वाटतं. घरच्या गुरूपुढे जे विचारायला संकोच वाटतो, ते बाहेरच्या गुरूला विचारता येतं. आणि मग घरात तुम्हाला निव्वळ आई व्हायला थोडी मोकळीक मिळेल.

आणखी एक गोष्ट तपासा. साथ करणारा मुख्य कलाकाराच्या पट्टीत, म्हणजे त्याने धरलेल्या षड्जावरून, गातो. म्हणजे ही मुलगी वाढत्या वयात सतत तुमच्या पट्टीत गात आली आहे. तिची स्वतःची पट्टी कोणती, हे तुम्ही दोघींनी कधी शांतपणे पाहिलं आहे का? तुमची पेटीवरची काळी चार असेल, तर तिला पांढरी पाच मोकळी वाटेल किंवा काळी पाच. भरकटणाऱ्या तानेमागे कधीकधी एवढंच कारण असतं. एखाद्या दिवशी तानपुरा तिला हवा तसा लावू द्या आणि तुम्ही फक्त ऐका.

आता मुलाबद्दल, कारण त्याच्यावर नकळत अन्याय होतो आहे. तो आळशी झालेला नाही, त्याचा आवाज फुटतो आहे. या वयात मुलांचं स्वरयंत्र भराभर वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण एका सप्तकाने खाली उतरतो. कालपर्यंत तुमच्या पट्टीत तारषड्ज सहज लावणाऱ्या मुलाला आज तो लागत नाही, यात रियाजाचा काहीही दोष नाही. हा बदल काही महिने चालतो, कधी त्याहूनही जास्त. या काळात तारसप्तकाचा आग्रह पूर्ण सोडा. मध्य आणि मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात, हलक्या आवाजात, थोडाच वेळ गाऊ द्या. घसा दुखला की थांबायचं. आवाज दोन-तीन आठवडे सलग बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि त्याला हे सगळं नीट समजावून सांगा. ज्या आवाजाला सगळ्यात जास्त टाळ्या मिळायच्या तो आवाज त्याच्या गळ्यातून निघून चालला आहे, आणि नवा कसा असेल हे त्याला माहीत नाही. तो चिडतो यात नवल नाही. तो घाबरला आहे. येत्या कार्यक्रमात त्याला गायला लावू नका.

टाळ्यांचं तुम्ही ओघात लिहिलंत, पण मी तिथेच अडखळले. लहान मूल गोड गातं, सभागृह विरघळतं. हे सगळं मोठी बहीण मागे तानपुरा छेडत वर्षानुवर्षं पाहते आहे. लिओपोल्ड मोझार्ट १७६३ मध्ये आपल्या दोन्ही मुलांना घेऊन युरोपच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा थोरली मुलगी नॅनर्ल आणि मुलगा वोल्फगांग दोघंही वाजवत होती. १७६९ च्या डिसेंबरात ते इटलीला निघाले तेव्हा फक्त मुलाला बरोबर नेलं. १८ वर्षांची नॅनर्ल घरी राहिली. तुम्ही तुमच्या मुलीला घरी ठेवलेलं नाही, मला माहीत आहे. पण एका मंचावर दोन भावंडं असतात, तेव्हा टाळ्यांची वाटणी श्रोते करतात आणि जागेची वाटणी आई करते. तेवढी तरी तुमच्या हातात आहे.

कार्यक्रमाचं असं करा. मुलीला विचारा, पण ‘नाही’ म्हणता येईल अशा पद्धतीने विचारा. ‘जाहिरात गेली आहे’ हे त्या संभाषणात आणू नका. ती नाही म्हणाली, तर विषय तिथेच संपला. तिने खोलीचं दार लावून घेतलं तरी मागोमाग जाऊ नका. एका कार्यक्रमाला न येण्याने तिचं गाणं सुटणार नाही. जबरदस्तीने आणलंत तर सुटू शकतं.

ती हो म्हणाली, तर तिला मागे बसवू नका. सुरुवातीचा अर्धा तास तिचा ठेवा. तिचा राग, तिची पट्टी, तिचा माइक, आणि साउंड चेकलाही तिनेच बसायचं. तुम्ही त्या वेळी मंचावर नको. विंगेतही नको, कारण तिची नजर तिकडेच जाईल. श्रोत्यांत बसा. निवेदकाला सांगून ठेवा की ‘आईचा वारसा’ वगैरे न म्हणता तिचं नाव आणि रागाचं नाव एवढंच सांगायचं. नंतर तुमचं गाणं. शेवटी दोघींना वाटलं तर एखादं भजन एकत्र गा, पण कोण कधी गाणार हे आधी ठरवून. तबल्याच्या जुगलबंदीत एकजण वाजवतो तेव्हा दुसरा थांबतो आणि लेहरा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारी साथीची धून, दोघांनाही सांभाळतो. अल्लारखाँ आणि झाकिर हुसेन ही बापलेकाची जोडी अशी शेजारी शेजारी बसून वाजवायची. त्या रचनेतच दोघांना आपापला अवकाश होता. तुमच्यातही तशी स्पष्ट वाटणी असली, की तुमचा हात मुखड्याकडे आपोआप जाणार नाही.

पेटीवाल्यांना आणि तबलजींना मानधन देता ना? मग मुलीलाही द्या, तिच्या हातात, त्याच दिवशी. आणि परतताना गाडीत गाण्याबद्दल एक अक्षर काढू नका. तिने विचारलं तर सांगा. नाहीतर दुसऱ्या दिवशी रियाजाच्या वेळी बोला, तेही आधी परवानगी घेऊन.

आयोजकांना मात्र याच आठवड्यात फोन करा. मुलगा गाणार नाही हे नक्की सांगा, मुलीचं तिच्याशी बोलून दोन दिवसांत कळवते म्हणा. दोन महिने हातात आहेत, जाहिरात बदलायला त्यांना पुरेसा वेळ मिळेल. आत्ता सांगितलंत तर कुणाचा खोळंबा होणार नाही.

तुमची,
ताई