पहिल्या स्कूबाची भीती वाटतेय? दुकान नको, उतरवणारा माणूस बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मालवणला जाताय, १२ वर्षांच्या लेकीला स्कूबा करायचंच आहे, तुम्हाला मात्र पोहता येत नाही, पाण्याची धास्ती आहे, आणि किनाऱ्यावर इतके बोर्ड आहेत की कुणाकडे जावं कळत नाही. मी एक नाव सांगून मोकळी होणार नाही. एकाच दुकानात सकाळी उतरवणारा वेगळा असतो, दुपारी उतरवणारा वेगळा. खाली तुमचा हात धरणारा तो एक माणूस कसा आहे, त्यावर सगळं अवलंबून असतं.

माझा पहिला अनुभव वाईट होता, तो आधी सांगते. इंजिनच्या घरघरीत पाच मिनिटांत काहीतरी सूचना झाल्या, त्यातलं निम्मं ऐकू आलं नाही. पाण्यात उतरल्यावर कान दुखायला लागला. दुखतोय हे सांगायची खूण मला कुणी शिकवलीच नव्हती, म्हणून मी अंगठा खालीवर करत राहिले. मागे टाकी धरून असलेला मुलगा मला खालीच नेत राहिला, कारण पुढे कॅमेरावाला थांबला होता. फोटो छान आले. कानासाठी मात्र तीन आठवडे डॉक्टरांकडे खेपा घातल्या.

दोन वर्षांनी अंदमानात, स्वराजद्वीपला (पूर्वीचं हॅवलॉक) पुन्हा धीर केला. तिथल्या इन्स्ट्रक्टरला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आज आपण नुसतं कमरेएवढ्या पाण्यात बसू. खाली जायचं की नाही, ते नंतर ठरवू." पाऊण तास आम्ही तिथेच होतो. तोंडाने श्वास घ्यायचा, मास्कमध्ये पाणी शिरलं तर नाकाने फुंकून बाहेर काढायचं, रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारा, तोंडात धरायचा भाग) काढून परत लावायचा, एवढंच करत होतो. मग वाळूवरून चालत चालतच खोल पाण्यात गेलो. माझी भीती तेव्हा गेली नाही, पण हाताळता यायला लागली.

म्हणून माझी पहिली कसोटी ही. पैसे भरण्याआधी समोरच्याला स्पष्ट सांगा, "मला भीती वाटते, कदाचित मी मध्येच वर येईन." मग तो काय करतो ते बघा. "काही होत नाही हो, रोज शंभर जण करतात," असं म्हणून तो पावती पुस्तक उघडत असेल, तर उठा. "कशाची वाटते? पूर्वी पाण्यात काही झालं होतं का?" असं त्याने विचारलं, तर बसा आणि पुढचं बोला. मध्ये थांबलात तर पैशांचं काय, समुद्र खवळून फेरी रद्द झाली तर काय, हे तिथेच विचारून घ्या. पैसे बुडतील या विचाराने माणूस नको असताना पाण्यात उतरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

"पोहता आलं नाही तरी चालतं" हे खोटं नाही. अशा पहिल्या, नुसती ओळख करून देणाऱ्या डाइव्हला पोहण्याची अट नसते. पुढे ओपन वॉटरचा (प्रमाणपत्र मिळणारा पहिला) कोर्स केलात तर मात्र २०० मीटर पोहावं लागतं आणि १० मिनिटं तरंगावं लागतं. तुमचा प्रश्न तोंड पाण्यात असताना नाक विसरून फक्त तोंडाने श्वास घेण्याचा आहे, आणि त्याची सवय घरी होते. साधा मास्क आणि स्नॉर्कल आणा, बादलीत तोंड बुडवा, रोज दहा मिनिटं. लेकीलाही बसवा. वयाची चिंता नको. 'पॅडी' या डाइव्हिंग शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमात अशा डाइव्हसाठी किमान वय १० आहे.

आता कान. तुम्ही आंबोली किंवा फोंडा घाट उतराल तेव्हा कानाला दडे बसतात ना, तेच पाण्यात फार लवकर होतं. दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे नुसत्या ५ मीटरवरच दाब दीडपट झालेला असतो. पहिले दोन-तीन मीटर कानांना सगळ्यात कठीण. त्यामुळे दुखायची वाट न बघता, अर्ध्या अर्ध्या मीटरला चिमटीत नाक दाबून नाकातूनच हलकेच हवा फुंकायची. दुखलंच तर जोर लावायचा नाही, थोडं वर यायचं आणि पुन्हा करायचं. जो इन्स्ट्रक्टर "तुमचे कान ठरवतील आपण किती वेगाने जायचं" असं म्हणतो, त्याच्याबरोबर जा.

त्याच दाबामुळे दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. टाकीतून खाली घेतलेला श्वास कोंडून वर आलात, तर दाब कमी होऊन छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. उथळ पाण्यातही. "श्वास कधीही रोखू नका" हे वाक्य किनाऱ्यावरच्या माहितीत आलं नाही, तर तिथून निघून या. खुणांचंही तसंच. अंगठा वर म्हणजे "मला वर जायचंय". ठीक आहे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. तळहात आडवा धरून डुगडुगवला की काहीतरी बिघडलंय, आणि मग कानाकडे बोट. या तीन खुणा तुमच्याकडून करून घेतल्या का, ते बघा. नुसत्या दाखवल्या तर पुरत नाही.

आरोग्याचा फॉर्म भरायला देतील. दमा, हृदयाचा त्रास, रक्तदाब, फिट, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण, सगळं खरं लिहा. "सगळीकडे नाही लिहून सही करा" असं कुणी म्हणालं, तर तुमचं काही झालं तरी त्याला फरक पडणार नाही असंच समजा. काही आजार असेल तर निघण्याआधी घरच्या डॉक्टरांना विचारून ठेवा, मालवणच्या जेट्टीवर उभं राहून तो निर्णय होत नाही.

मालवणच्या मुलांबद्दलही बोलायला हवं. उतरवणारे बरेच जण कोळ्यांच्या घरातले, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा खडक न् खडक त्यांना पाठ. पाण्याची त्यांची समज मला अजून आलेली नाही. पण पाणी ओळखणं वेगळं आणि घाबरलेल्या माणसाला सांभाळायचं शिक्षण वेगळं. म्हणून तुमच्याबरोबर नेमका कोण उतरणार ते विचारा आणि त्याचं प्रशिक्षणाचं कार्ड बघायला मागा. यात अपमान नाही, चांगला इन्स्ट्रक्टर आनंदाने दाखवतो. एकाला एक माणूस हवा, हेही सांगा. तुम्ही आणि लेक दोघी एकाच्या हातात नको. वेळ हाताशी असेल तर तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे सरावाचा पूल आहे. भित्र्या माणसाने समुद्राआधी पूल गाठणं केव्हाही बरं.

होडीचं मी सगळ्यात गांभीर्याने सांगते. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. ते डाइव्ह आटोपून परत येत होते. जेट्टी सोडल्यापासून परत पाय टेकेपर्यंत लाइफ जॅकेट अंगात हवं, बंद लावून. होडीत माणसं जास्त दिसली तर चढू नका, पुढच्या फेरीला जा. ऑक्सिजन आणि प्रथमोपचाराची पेटी आहे का, हे विचारायला लाजू नका.

वेळ सकाळची पहिली घ्या. दुपारनंतर वारा सुटतो, पाणी हलतं, आणि तोपर्यंत उतरवणारा मुलगाही दमलेला असतो. नाताळच्या आठवड्यात तर रांगच लागते, आणि रांग असली की प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ आखडतो. जमलं तर एक आठवडा आधी जा. उतरण्यापूर्वी होडीवरच रेग्युलेटरमधून चार-पाच श्वास घ्या. हवेला तेलाचा वास आला किंवा श्वास घेताना टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारा काटा हलला, तर टाकी बदलून मागा.

सर्दी असेल तर त्या दिवशी नाही. गोळी घेऊन उतरू नका, तिचा परिणाम खाली असताना ओसरला तर वर येताना कान अडकतो. चिपी किंवा मोपाहून विमानाने परतणार असाल, तर डाइव्ह आणि विमान यांच्यात किमान १२ तास ठेवा. मी शेवटच्या दिवशी डाइव्ह ठेवतच नाही, आधीच्या दिवशीच करून घेते.

तारीख ठरली आणि कुणाशी बोलणं झालं की तो तुमच्या भीतीबद्दल काय म्हणाला ते इथे लिहा. मी वाचून सांगेन.