क्षमा मिळाली असेल, तर परतफेड कशासाठी?

वाचकांचे प्रश्न, पाळकांची उत्तरे

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, प्रभूमध्ये सलाम. आमचे घराणे तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. वडील वारल्यानंतर शेताच्या वारसनोंदीच्या वेळी मी धाकट्या बहिणीला तालुक्याच्या गावी नेले आणि ‘नाव लावायचे म्हणून सह्या लागतात’ असे सांगून हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. तिने कागद वाचला नाही. मी आहे म्हणून वाचला नाही. परत येताना मी तिला एक साडी घेऊन दिली. या गोष्टीला आता १९ वर्षे झाली. सहा वर्षांपूर्वी एका संजीवन सभेत मी आपले जीवन प्रभूला वाहिले. तुमच्या सर्व पापांची क्षमा झाली, असे मला तेव्हा सांगण्यात आले आणि मी ते मानतो. तरी प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर हातात घेताना ती साडी डोळ्यांपुढे येते. क्षमा झाली असेल, तर जमीन परत करण्याची गरज काय? आणि परत केल्यावाचून क्षमा नसेल, तर तारण (पापापासून सुटका) देवाच्या कृपेने नव्हे, माणसाच्या कर्माने होते, असे म्हणावे लागणार नाही काय?
— एक वाचक, जिल्हा अहिल्यानगर

उत्तर : बंधू, आपण प्रश्न शास्त्राचा म्हणून विचारला आहे आणि त्याचे उत्तर मी शास्त्रानेच देणार आहे, परंतु ‘मी आहे म्हणून वाचला नाही’ हे पाच शब्द आपण स्वतःच्या हाताने लिहिलेत, यातच पवित्र आत्म्याचे काम सुरू झालेले मला दिसते.

प्रथम कृपेविषयी लिहितो, कारण तेथे तिळमात्र तडजोड चालत नाही. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते. ते देवाचे दान आहे, कर्मांचे फळ नव्हे, असे प्रेषित पौलाने इफिसकरांस पाठवलेल्या पत्रात स्पष्ट लिहिले आहे. उद्या आपण सगळे शेत बहिणीच्या नावे केले, तरी तेवढ्याने पापाची किंमत चुकती होत नाही. ती वधस्तंभावर चुकती झाली आहे. दावीद राजाने आपला सैनिक उरीया याची पत्नी घेतली, उरीयाला युद्धात मारवले, म्हणजे दोन्ही अपराध माणसांविरुद्ध केले. तरी त्याच प्रसंगाशी जोडलेल्या ५१व्या स्तोत्रात तो देवाला म्हणतो की, मी तुझ्याविरुद्धच पाप केले आहे. उरीयाचे काही बिघडले नाही, असे त्याला म्हणायचे नव्हते. देवाने ज्याला आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केले, त्याला नाडणे म्हणजे प्रत्यक्ष देवाच्या अंगावर हात टाकणे होय, हे त्याला नाथान संदेष्ट्याच्या तोंडून कळून चुकले होते. बहिणीचे देणे आपल्याला फेडता येईल. देवाचे देणे कोणाही माणसाला फेडता येत नाही.

आता पश्चात्तापाविषयी. आपल्या मराठी शब्दाचा अर्थ आहे मागाहून होणारा ताप. शब्द सुंदर आहे, पण त्यात तापावरच भर पडतो. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ म्हणजे मनाचा पालट, आणि जुन्या करारातील संदेष्टे वारंवार वापरतात तो इब्री शब्द ‘शूब’ म्हणजे मागे फिरणे, चुकलेल्या वाटेवरून घराकडे वळणे. पश्चिमेकडील मंडळीत (चर्चमध्ये) शतकानुशतके लॅटिन भाषांतर चालत होते व त्यात प्रभूची आज्ञा ‘प्रायश्चित्त करा’ अशा अर्थाने वाचली जाई. १५१७ साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने जी ९५ विधाने मांडली, त्यांतील पहिलेच विधान याविषयी आहे : प्रभूने ‘पश्चात्ताप करा’ म्हटले, तेव्हा विश्वासणाऱ्याचे अवघे जीवन पश्चात्तापाचे असावे, अशी त्याची इच्छा होती. पश्चात्तापाला किंमत समजणे ही एक चूक, आणि त्याला केवळ अश्रू समजणे ही दुसरी. आपल्या मंडळ्यांत आज दुसरी चूक अधिक होते, असे माझे स्पष्ट मत आहे. सभेत आपण रडलो, वेदीपुढे गुडघे टेकले, भावाबहिणींनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि घरी आल्यावर सातबारा होता तसाच राहिला.

शास्त्रात परतफेड करणारी दोन माणसे आहेत, ती शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत. पैसे घेऊन प्रभूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत याला आपल्या कृत्याची खंत वाटली, निर्दोष रक्ताचा विश्वासघात करून मी पाप केले, असे त्याने मुख्य याजकांसमोर कबूल केले आणि चांदीची तीसच्या तीस नाणी मंदिरात टाकून दिली. कबुली होती, परतफेड होती; पण तो प्रभूकडे वळला नाही, एकटाच निघून गेला. दुसरा यरीहोचा जकातदार जक्कय, जो प्रभूला पाहायला झाडावर चढून बसला होता. त्याच्या गोष्टीतला क्रम मोलाचा आहे. लोक ज्याच्या उंबऱ्याला शिवत नव्हते, त्याला प्रभूने झाडाखाली उभे राहून नावाने हाक मारली, आज तुझ्या घरी उतरणार म्हणून सांगितले, आणि त्यानंतर जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना व लुबाडलेल्यांना चौपट देण्याचे वचन दिले. अपराध कबूल करून भरपाई करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढेच मोशेचे नियमशास्त्र सांगते. जक्कय त्याच्या कितीतरी पुढे गेला, कारण तो क्षमेचा भाव करीत नव्हता. ती दारात आल्यामुळे त्याची मूठ सुटली होती. परतफेड हे तारणाचे मूळ नव्हे, फळ आहे. पण ज्या झाडाला वर्षांमागून वर्षे फळ धरत नाही, त्याच्या मुळाशी काय आहे, हे खणून पाहावेच लागते.

माझ्या सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत मंडळीतील एक किराणा दुकानदार एके रात्री माझ्याकडे आले. त्यांनी रुमालात बांधून अर्ध्या किलोचे लोखंडी वजन आणले होते. अशा वजनाच्या तळाला खळगा असतो, त्यात शिसे भरून त्यावर वजनमापे निरीक्षकाचा शिक्का मारलेला असतो. त्यांनी ते उलटे करून दाखवले. शिसे कडेने बारीक खरवडलेले होते, शिक्का मात्र जसाच्या तसा. फसवलेली गिऱ्हाइके शेकडो, कोणाला किती कमी तोलले, याचा हिशेब अशक्य. जुन्या करारातील गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात अशाही प्रसंगाची सोय आहे, म्हणजे परत घ्यायला कोणी उरले नसेल, तर ती भरपाई परमेश्वराला द्यावी, असे तेथे म्हटले आहे. त्या गृहस्थांनी पुढे अनेक वर्षे गावातील विधवांच्या घरी महिन्याचे धान्य पोहोचवले. हे मी एवढ्यासाठी सांगतो की, ज्याला परत करावे, असे माणूस त्यांच्यापुढे उरले नव्हते. आपली बहीण हयात आहे.

तेव्हा काय करावे, तेही स्पष्ट लिहितो. प्रथम पत्नीला व मुलांना सर्व सांगा, कारण आपल्या पापाचे पीक तेही नकळत खात आले आहेत. मग बहिणीच्या घरी स्वतः जा. मध्यस्थ पाठवू नका, फोनवर उरकू नका. ‘चुकून झाले’ म्हणू नका. ‘मी तुला फसवले’ एवढे वाक्य पुरे. तिने लगेच क्षमा करावी, अशी अट मनात धरून जाऊ नका, ती रडेल किंवा रागावेल, तो तिचा हक्क आहे. आपल्या लोकांना लागू असलेला १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा वारशात मुलगा आणि मुलगी असा भेद करीत नाही, म्हणजे आपण तिला देणार ते उपकाराचे दान नव्हे, तिचेच तिला आहे. कागद कोणता करायचा, हे वकिलाला विचारा, पण व्यवहार नोंदणीकृत असावा आणि फेरफार होऊन तिचे नाव सातबाऱ्यावर येईपर्यंत काम झाले असे समजू नका. १९ वर्षांच्या पिकाचाही विचार करा.

प्रभुभोजनापासून मात्र कायमचे दूर राहू नका. वेदीपाशी अर्पण तसेच ठेवून आधी भावाशी समेट कर, असे प्रभू मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात म्हणतो, आणि त्याच दमात ‘मग येऊन अर्पण कर’ असेही म्हणतो.

प्रश्न : माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, पुढे दृढीकरणही (आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) झाले. माझ्या मैत्रिणी म्हणतात, तुझे तारण झालेले नाही. मी काय समजावे?
— एक महाविद्यालयीन वाचक, पुणे

उत्तर : मैत्रिणींना तुमच्या तारणाचा निवाडा करण्याचा अधिकार नाही, आणि बाप्तिस्म्याचा दाखलाही तो निवाडा करीत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला, तोही जाणत्या वयात, शास्त्रांचा सखोल अभ्यास करून. तरी पुढे त्यांनी आपल्या साक्षीत लिहिले की, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. हे त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी उमगले. त्यांनी पहिला बाप्तिस्मा खोटा ठरवला नाही. ज्याच्या नावाने तो झाला, त्याच्याकडे त्या आपली सगळी विद्वत्ता बाजूला ठेवून, पापी म्हणून आल्या. तुमच्या आईवडिलांनी तुमच्या वतीने जे वचन दिले, ते आज तुम्ही स्वतः, आपल्या खोलीत, आपल्या शब्दांत प्रभूला देऊ शकता. त्यासाठी सभेची वाट पाहू नका.

प्रश्न : मरणाच्या दारात पश्चात्ताप केला, तर चालतो काय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : होय. प्रभूच्या शेजारी खिळलेल्या अपराध्याला बाप्तिस्मा घेता आला नाही, कोणाचे काही परत करता आले नाही, त्याचे हातच मोकळे नव्हते. तरी आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील, असे प्रभूने त्याला सांगितले. त्या अपराध्याने ही संधी पूर्वी कधी नाकारल्याचे शुभवर्तमानकार लूक सांगत नाही. आपण हा प्रश्न धडधाकट असताना विचारीत आहात, म्हणून विनंती करतो की, याच आठवड्यात आपल्या पाळकांना भेटावे.