हप्ता चुकला एकच, मग उशीर सहा महिने कसा?

कर्जाच्या समुपदेशनात एक तक्रार सतत कानावर येते. हप्ता एकच चुकला, पण सिबिल रिपोर्टमध्ये महिनोन्‌महिने उशीर दिसतोय. ही चूकच ना? कधी असते, कधी नसते. एकाच खात्यात दोन्ही निघालं, अशी एक केस सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गृहकर्जाचा अर्ज नाकारला गेला म्हणून सप्टेंबरमध्ये एक तिशीतले गृहस्थ आले. त्यांचं एका वित्त कंपनीकडे वैयक्तिक कर्ज होतं, हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला. नोकरी बदलल्यामुळे मार्चचा पगार उशिरा जमा झाला आणि ऑटो-डेबिट बाऊन्स झालं. एप्रिलपासून मात्र प्रत्येक हप्ता ठरल्या दिवशी कापला गेला. पुढे वसुली विभागाचा फोन आल्यावर राहिलेला हप्ता त्यांनी 12 जूनला दंडासकट भरूनही टाकला. तरी रिपोर्टमध्ये डीपीडीच्या, म्हणजे थकबाकीच्या दिवसांच्या ओळीत मार्च ते ऑगस्ट असे आकडे होते: 026, 025, 026, 025, 026, 026.

“मॅडम, हे सरळसरळ खोटं आहे. एप्रिलचा हप्ता 5 एप्रिललाच गेलाय, पासबुक बघा.”

त्यांचा संताप मला समजत होता. पण त्यांनी सिबिलकडे संपूर्ण खात्यावरच डिस्प्युट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाकला होता आणि ‘कर्जदात्याने माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे’ एवढं एका ओळीचं उत्तर आलं होतं. सिबिलसारखा क्रेडिट ब्युरो, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी संस्था, स्वतःहून आकडा बदलू शकत नाही. तो कर्जदात्याला विचारतो आणि कर्जदाता जे कळवेल तेच राहतं. ‘सगळंच चूक’ अशा तक्रारीवर ‘सगळं बरोबर’ असं उत्तर देणं कर्जदात्याला फार सोपं जातं.

म्हणून आम्ही कागद घेऊन महिनावार हिशेब मांडला. डीपीडी म्हणजे सगळ्यांत जुनी थकबाकी देय तारखेपासून किती दिवस पडून आहे, त्याची मोजणी. 5 मार्च ते 31 मार्च, 26 दिवस. 5 एप्रिलला पैसे आले, पण कंपनीने ते आधी मार्चच्या थकबाकीत जिरवले. मार्च मिटला आणि एप्रिल उघडा पडला. 30 एप्रिलला तो 25 दिवसांचा झाला. मेच्या पैशांनी एप्रिल मिटला, मे उघडा. चुकलेला एक हप्ता जादा भरेपर्यंत हे असंच सरकत राहतं. मार्च, एप्रिल आणि मेचे आकडे त्यामुळे बरोबर होते. हे ऐकणं त्यांना जड गेलं, आणि का जाणार नाही? दर महिन्याला पैसे देणाऱ्याला आपण थकबाकीदार आहोत असं वाटतच नाही. बाऊन्स झाल्याचा मेसेज येतो. पुढचे हप्ते मागच्या थकबाकीत जाताहेत, हे मात्र त्यांना कुणीच समजावून सांगितलं नव्हतं.

जूनपासूनचे आकडे मात्र चूक होते. कर्जखात्याचा उतारा मागवल्यावर कारण सापडलं. 12 जूनची रक्कम जमा झाली होती, पण थकीत हप्त्याकडे न वळवता ‘जादा जमा’ म्हणून वेगळी ठेवलेली होती. पैसे कंपनीकडेच होते आणि थकबाकीही चालूच होती.

नवीन डिस्प्युट फक्त जून, जुलै, ऑगस्ट या तीन महिन्यांपुरता टाकला. सोबत 12 जूनची पावती, उताऱ्यातली ती ओळ आणि अपेक्षित आकडा, 000, म्हणजे उशीर नाही. तेच पत्र कंपनीच्या तक्रारी पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्यालाही पाठवलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी तक्रार 30 दिवसांत निकाली निघायला हवी. त्यातले 21 दिवस कर्जदात्याला दुरुस्त माहिती कळवण्यासाठी असतात. मुदत उलटली की दिवसाला 100 रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. ऑक्टोबर 2023 च्या परिपत्रकाने आलेली ही तरतूद एप्रिल 2024 पासून लागू आहे. त्यामुळे तक्रार क्रमांक आणि तारीख जपून ठेवा, असं मी प्रत्येकाला बजावते. दाद नाहीच मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. 2022 पासून क्रेडिट ब्युरोही त्याच्या कक्षेत आहेत.

क्रेडिट कार्डाचा नियम थोडा वेगळा आहे. देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला, तरच खातं थकीत म्हणून कळवता येतं. पण एकदा कळवलं की दिवस मूळ देय तारखेपासूनच मोजतात.

या गृहस्थांना मध्ये एक एजंट भेटला होता. पैसे घेऊन ‘सिबिल साफ’ करून देतो म्हणाला. असल्या लोकांची मला मनापासून चीड आहे, कारण ते अडचणीतल्या माणसाचे उरलेसुरले पैसेही काढून घेतात. खरी नोंद कुणीही पुसून देऊ शकत नाही, आणि खोटी नोंद दुरुस्त करून घ्यायला ब्युरोकडे डिस्प्युट टाकण्याचे पैसे पडत नाहीत. रिपोर्टसुद्धा देशातल्या चारही क्रेडिट ब्युरोंकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो.

महिन्याभरात ते तीन आकडे 000 झाले. मार्च ते मे तसेच राहिले.

“मग या तीन महिन्यांचं काय करायचं?” त्यांनी विचारलं.

लपवायचं नाही, मी म्हटलं. गृहकर्जाच्या नव्या अर्जाला एक पानी पत्र जोडलं. पगाराची तारीख बदलल्याचा पुरावा, 12 जूनची पावती आणि नवा रिपोर्ट. ऑटो-डेबिटची तारीखही त्यांनी पगारानंतरची करून घेतली होती, तेही लिहिलं. बँकेच्या अधिकाऱ्यांनी त्या तीन महिन्यांबद्दल विचारलंच, पण या वेळी उत्तर कागदावर होतं आणि अर्ज पुढे सरकला.