दोघांचंही दुसरं लग्न, मुलं मार्गी लागली. पन्नाशी उलटल्यावर नवरा-बायकोनं पुन्हा स्कीइंग सुरू करावं का?

तुम्ही लिहिलंय की तरुणपणी दोघंही स्की करत होतात, मग दोन्हीकडची मुलं वाढवण्यात वीस वर्षं गेली, आणि आता गुडघे ऐकतील का ही शंका आहे. आमचं थोड्याफार फरकानं तेच. मी 54, नवरा 58, राहायला गोव्यात, फोंड्याला. त्याचे दोन मुलगे, माझी एक मुलगी. 2007 साली लग्न केलं तेव्हा धाकटा सहा वर्षांचा होता. मुलगे मला मावशी म्हणतात, लेक त्याला अजून काकाच म्हणते. 'सावत्र' हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही, भांडणातसुद्धा नाही. (शाळेच्या फॉर्मवर मात्र दरवर्षी उच्चारावा लागायचा.)

तर जा. गुडघ्यांचं पुढे सांगते. मला बर्फाची भीती कमी आणि जेवणाच्या टेबलाची जास्त होती. आपल्यासारख्यांचं लग्नच मुलांसकट लागतं. सतरा वर्षांत आम्ही दोघंच असे सलग चार दिवस कुठे गेलो नव्हतो. फी, डबे, कुणाला ताप, कुणाच्या आजीकडे गणपतीला कोण जाणार, हे सोडून आपण काय बोलतो, तेच मला आठवेना.

आधी जागेचं. मी उत्तराखंडातल्या औलीला शिकले, 1998 साली, गढवाल मंडळ विकास निगम या सरकारी पर्यटन संस्थेच्या सात दिवसांच्या कोर्समध्ये, पहिल्या नवऱ्याबरोबर. तो गेल्यावर औलीचं नाव निघालं की मी विषय बदलायचे. जानेवारी 2023मध्ये जोशीमठची जमीन खचली, तिथून औलीला जाणारा रोपवे बंद झाला, आणि मला सांगायला कारण मिळालं. नवऱ्यानं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. खरं कारण त्याला ठाऊक होतं. त्यानं गुलमर्गची तिकिटं काढली. तुमच्यापैकी कुणाची अशी एखादी जागा असेल तर निदान पहिल्या खेपेला तिथे जाऊ नका.

पैशांवरून थोडं काहूर झालं. थोरल्यानं एकदा हसत विचारलं, "बाबा, आमच्या वाट्यातलं उडवताय ना?" हसत विचारलेलं जास्त लागतं. आपल्या गोव्यात लग्नानंतर मालमत्ता सहसा दोघांची सामाईक होते आणि एक जण गेला की निम्मी मागे राहिलेल्याची, निम्मी मुलांची. आमच्या दोघांच्याही पहिल्या संसाराची इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी आणि वाटणी, दुसऱ्या लग्नाआधीच उरकलेली होती, त्यामुळे कुणाचं काय ते कागदावर स्पष्ट होतं. तुमची राहिली असेल तर स्कीच्या आधी ती करा. बर्फावर असताना हा विषय डोक्यात नको.

आता गुडघे. स्कीला चढण्याचा दम फारसा लागत नाही, उतरताना शरीर पेलणारी मांडी लागते. आम्ही नोव्हेंबरपासून तीन महिने दर रविवारी पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरावर गेलो. देवाला नमस्कार करून उतरताना मुद्दाम हळू, पाय न आपटता. घरी पाठ भिंतीला टेकवून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसायचं. पहिल्या दिवशी वीस सेकंदांत मांड्या थरथरल्या. जानेवारीअखेर दोन मिनिटं जमायला लागलं. पाव द्यायला आलेला पोदेर दारातून हे बघायचा आणि काही न बोलता पाव ठेवून जायचा.

2024च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, बर्फ महिना संपता संपता पडायला लागला. म्हणून फेब्रुवारीचा मध्य धरा. श्रीनगरहून जेमतेम पन्नास किलोमीटर, पण टंगमर्गच्या पुढे चाकांना साखळ्या लावलेली गाडी लागते. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आहे. आपण समुद्रकाठची माणसं, पहिला दिवस नुसता चालण्यात आणि कहवा पिण्यात घालवा. माझं डोकं तरीही रात्रभर ठणकत होतं.

भाड्याच्या दुकानात घाई करू नका. बूट घट्ट हवा आणि आत एकच पातळ मोजा. दोन मोजे घातलेत की पाय आत हलतो आणि नडगी सोलवटते. बुटाला स्कीशी धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगवर एक आकडा असतो. पडल्यावर ती किती जोर आला की सुटेल हे त्यावर ठरतं, आणि तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही कसे स्की करता यावरून लावतात. पन्नाशीनंतर तो मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे पाय पिरगळायच्या आत स्की सुटते. आमच्या माणसानं तिथे वय पंचेचाळीस सांगितलं! मी मागून खरं सांगितलं. त्यानंतर तासभर अबोला.

स्कीसुद्धा बदलल्यात. औलीला आमच्याकडे डोक्याच्या वर जाणाऱ्या सरळ पट्ट्या होत्या. आता हनुवटी ते नाकापर्यंतच्या, मधे बारीक कमरेच्या. नुसती कडेवर कलती केली की आपली आपण वळते. जुनी सवय म्हणून आम्ही उगाच अंग उचलून झटका द्यायचो, आणि पडायचो. 'येतं आपल्याला' हे विसरा, पहिले दोन दिवस नवशिक्यांच्या उतारावर पाय फाकवून, व्ही करून उतरा.

आणि एकमेकांना शिकवू नका. पहिल्या सकाळी हा माझ्या मागून "गुडघे वाकव, गुडघे!" असं ओरडत होता, सायकल शिकवताना मुलांवर ओरडायचा तसंच. दुसऱ्या दिवशी दोन वेगळे मास्तर घेतले. सकाळी वेगळे, दुपारी राजम्याच्या ताटाशी भेटायचं, कोण किती वेळा पडलं ते सांगायचं. टेबलाची माझी चिंता तिथेच मिटली. त्यात फोनची बॅटरी थंडीनं दुपारपर्यंत मान टाकायची, त्यामुळे गॅसचा नंबर कुठे लावायचा हे विचारायला कुणाला आम्ही सापडत नव्हतो.

पाचव्या दिवशी गंडोल्याच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, पहिल्या टप्प्यावर, कोंगडोरीला, सुमारे 3,100 मीटरवर गेलो. दुसरा टप्पा अफरवत डोंगरावर, जवळजवळ 3,950पर्यंत जातो. तिथून खाली येणं आपल्या वयाचं आणि सरावाचं काम नाही, हिमस्खलनात तिथे चांगले स्कीवाले गेलेत. विमा घेताना साहसी खेळ वगळलेले नाहीत ना, ते वाचून घ्या.

मी काठी हातात घट्ट धरूनच पडले आणि अंगठा मुरगळला. पडताना काठी सोडायची असते, हे 1998 साली शिकवलं होतं. शिगम्यापर्यंत घरचे नारळ नवऱ्यानं खवले.

पुढच्या फेब्रुवारीचं ठरलंय. परवा कसं कोण जाणे मुलांना कळलं आणि तिघांनी ग्रुपवर टाकलं, आम्हीपण येतो. अजून आम्ही दोघांपैकी कुणीच उत्तर दिलेलं नाही.