३२५ मध्ये किती शिक्षा होईल?

सोसायटीच्या पार्किंगमधल्या भांडणात समोरच्याचं कोपर मोडलं, भावावर जुन्या आयपीसीचं (जुलै २०२४ आधीच्या गुन्ह्यांना लागू असलेली भारतीय दंड संहिता) कलम ३२५, म्हणजे गंभीर दुखापत, लागलं, युक्तिवाद संपले; आता दोषी धरलं तर किती शिक्षा, याचा हायकोर्टाने काही तक्ता ठरवून दिलाय का, असं तुम्ही विचारताय. नाही. इंग्लंडमध्ये तसा असतो. आपल्याकडे मलिमठ समितीने २००३ मध्ये सुचवलं, मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही केंद्राला शिक्षेच्या धोरणाचा विचार करायला सांगितलं. पण पुण्यात शिवाजीनगर कोर्टात साहेबांसमोर (मॅजिस्ट्रेटसमोर) असतं ते 'सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड' एवढंच. जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्ट असेल तर तीन वर्षांच्या वर जाता येत नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा.

मी बेंच क्लार्क होतो. दोषी धरल्यावर साहेब विचारतात, "शिक्षेबाबत काही सांगायचंय?" आरोपी हात जोडून पुटपुटतो, "दया करा साहेब, घरी आईवडील म्हातारे आहेत." वकील म्हणतात, कमीत कमी शिक्षा व्हावी. टायपिंगला दोन ओळी, संपलं. पुढे सेशन्सला अपील, मग रिव्हिजनला, म्हणजे फेरतपासणीला, मुंबई हायकोर्ट (कोल्हापूरचं सर्किट बेंच पुण्यासाठी नाही). तिथेही त्याच दोन ओळी वाचल्या जाणार. मग शिक्षा कमी करायची ती कशाच्या जोरावर?

म्हणून कागद आत्ताच काढा. नोकरीचं पत्र, आईच्या उपचारांची फाइल, मुलांच्या फीच्या पावत्या. भावाला आधीची शिक्षा नसेल तर १९५८ च्या प्रोबेशन कायद्याच्या कलम ४ खाली (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटका) लेखी अर्ज तयार ठेवा आणि त्यातच जखमीच्या दवाखान्याचा खर्च द्यायची तयारी लिहा. वकील "तोंडी सांगतो" म्हणाले तरी लेखीच द्यायला लावा. असा लाभ देता येत असताना नाकारायचा तर सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) ३६१ प्रमाणे कोर्टाला विशेष कारणं लिहावी लागतात, आणि अपिलात बोट ठेवायला तीच कारणं सापडतात. समोरचा तयार असेल तर कोर्टाच्या परवानगीने तडजोडही होते. निकाल लागायच्या आत बोलून बघा. तुमच्या भावाचा अहंकार आड येत असेल तर तो तुमचा प्रश्न.

आणि निकालाच्या दिवशी जामीनदार कागदांसकट कोर्टातच बसवा. भाऊ जामिनावर आहे, त्यामुळे तीन वर्षांपर्यंतची शिक्षा झाली तर अपिलासाठी तेच कोर्ट सहसा जामीन देतं. पण शुक्रवारी चार वाजता निकाल लागला आणि जामीनदार हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला, तर सोमवारपर्यंत येरवडा.