स्की शर्यतीत दांडे रोवायचं उपकरण डिझाइन करायचं आहे, कशाकडे लक्ष देऊ?

तुम्ही मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि प्रोजेक्टसाठी हलकं पण ताकदवान ड्रिल बनवायचंय, असं लिहिलंय. मी बरेच हिवाळे मार्ग आखणाऱ्यांच्या हाताखाली दांडे रोवले आणि उपटलेत. माझं ऐकाल तर मोटारीचा नाद सोडा. चांगलं बिनतारी ड्रिल आणि लांब बिट एवढ्यावर भोकं पडतात. घोडं अडतं ते पुढे.

आधी कामाचा आवाका बघा. स्लॅलममध्ये, म्हणजे रोवलेल्या दांड्यांमधून नागमोडी उतरायच्या शर्यतीत, एकूण उतरणीच्या मीटरमधल्या उंचीच्या ३० ते ३५ टक्के वळणं असतात. म्हणजे २०० मीटर उंचीची उतरण असेल तर साठ-सत्तर वळणं, आणि प्रत्येकाला निदान एक भोक. तेही पायात स्की, कडा बर्फात रुतवून तिरकं उभं राहून, पाठीवर दांड्यांची मोळी घेऊन.

बर्फ भुसभुशीत नसतो. पाणी मुरवून तो दगडासारखा केलेला असतो. त्यात बिट अडकलं की बिट थांबतं आणि ड्रिलच फिरायला लागतं. एकदा माझं मनगट असं मुरगळलं की आठवडाभर बुटाची बक्कलं दुसऱ्याकडून लावून घेत होतो. त्यामुळे बाजूची मूठ आणि क्लच हवाच.

खोलीचंही तसंच. दांडा मुळाशी बिजागरीवर वाकतो, धडक बसली की आडवा होऊन परत उभा राहतो. भोक उथळ पडलं तर बेस, म्हणजे बिजागरीखालचा भोकात आटे फिरवून बसवायचा भाग, वर डोकावतो आणि स्कीची कड त्यावर आपटते. फार खोल गेलं तर बिजागरी बर्फात गाडली जाते आणि दांडा नीट लवत नाही. आम्ही बिटावर रंगीत चिकटपट्टी गुंडाळायचो. फुकटातला उपाय, पण पट्टी ओली झाली की सरकते. तिथे पक्का अडथळा द्या.

खरी मेख आहे दांडे काढण्यात, आणि डिझाइन करणारे नेमकं तेच विसरतात. बेस फिरवून सोडवायला किल्ली लागते. दुपारच्या उन्हात वितळलेलं पाणी बेसच्या आट्यांत आणि किल्ली बसायच्या खाचेत शिरतं, सावली आली की गोठतं. मग किल्ली बसतच नाही. अंधार पडायला आलेला, आणि आपण गुडघ्यावर बसून स्क्रूड्रायव्हरने खाच कोरतोय! खाच साफ करणारं टोक किल्लीलाच असेल तर अर्धी कटकट मिटेल. मूठ दोन्ही हातांत मावेल एवढी रुंद ठेवा, रंग भडक द्या, आणि दोरी विसरू नका. हातातून सुटलेली किल्ली घसरत थेट तळाला जाते.

थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. जादाची जॅकेटच्या आत, अंगाशी ठेवतात, म्हणून ती झटकन बदलता आली पाहिजे. नमुना तयार झाला की किल्ली आणि बेस ओले करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी जाड हातमोजे चढवून बेस सोडवून बघा, बॅटरीही त्याच हातमोज्यांनी बदलून बघा. काय झालं ते इथे जरूर लिहा.